नाव घातलेली भांडी

मु. वाडी, डिंभ्याच्या अलीकडे, ता. आंबेगाव
१९ एप्रिल १९५५

चिरंजीव सुंदरा हीस,

आईचा आशीर्वाद. घ्यायचा असला तर घे, नसला तर कागदाच्या कडेला ठेव, नासणारी वस्तू नाही.

हे पत्र मेहबूब लिहितोय. जुन्नरचा कल्हईवाला, तुझ्या लग्नातल्या भांड्यांवर नावं घातली होती तोच. लग्नसराईत वाड्या-वाड्या फिरतो आणि दहा-बारा दिवसांनी आमच्याकडे भाता लावतो. त्याला म्हटलं, भांड्यावर घालतोस तशीच चार अक्षरं कागदावर घाल. तर म्हणतो, "रतनमावशी, भांड्यावर घालणं सोपं. भांडं मधेच बोलत नाही." माझं बोलणं तो सारवून-सुरवून लिहितो. तरी कुठं घसरलं तर दोष माझ्या जिभेचा, त्याच्या टाकाचा नाही.

दिवाळीनंतर तू पुण्याला त्या बायकांच्या शाळेत निघालीस तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून जे बोलले, ते मी विसरलेली नाही. तूही नसशील. "जातीस तर पोरांनाबी इसर," एवढंच बोलले असते तर ठीक होतं, मी पुढंही बोलले. ते राहू दे. तू पंचविसाव्या वर्षी पाटी घेऊन बसलीस, हसणारी माणसं हसून दमली. मीही त्यात होते.

पोरं बरी आहेत. सरूचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे खोटं बोलली की शीळ वाजते. कुंडलिक सहाचा झाला, खातो मात्र सोळाचं. शाळेला परवा सुट्टी लागली. सरू तिसरीत गेली, तो दुसरीत.

आता ज्यासाठी पत्र घातलं ते. काल तुझा थोरला दीर यमाजी आला होता. घोंगडं टाकलं, पाणी दिलं, गूळ दिला. गूळ खाऊन झाल्यावर म्हणतो, "मावशी, पोरं आमच्या गेलेल्या भावाची हाईत. शाळेसाठी म्हणून तुमच्याकडं ठिवली. पन सुट्टीत पोरं समदं इसरत्यात. मृग लागायच्या आदल्या दिशी मी येतो. बिरोबापुढं पंच बसवू. मी देईन त्यो कागद पोरांनी वाचायचा. वाचला तर पुन्हा इचारनार न्हाई. न्हाई वाचला तर पोरं माज्या मेंढरांमागं. आमी तवा शिरूरकडं उतरनार, सोबतच न्हेतो."

मी म्हटलं, "यमाजीराव, ही अट सुचायला तुमाला गूळच लागला का?" तो हसला नाही. त्याला मी आजवर हसवलं नाही असं झालं नव्हतं.

एकदा मेंढरांबरोबर खाली उतरली की पोरं दिवाळीपर्यंत येत नाहीत, आणि दिवाळीला येतात ती शाळेची राहत नाहीत. हे तुला मी काय सांगावं.

पण तू काळजी करू नकोस. मी रोज सकाळी दोघांना दारात बसवते, समोर धान्य निवडत बसते. सरू दुसरीचं पुस्तक असं घडाघडा वाचते की शेजारची कोंडाबाई कामं टाकून ऐकायला येते. वाचताना सरूची मान अशी डोलते, जणू भजनाला बसलीय. मला अक्षर कळत नाही, पण कान आहेत ना. मी मुळीच घाबरलेली नाही.

तुझी आई
रतनबाई

(मावशी घाबरल्यात. त्यांनी 'घाबरलेली नाही' तीनदा लिहायला सांगितलं, मी एकदाच लिहिलं. – मेहबूब)


२ मे १९५५

चिरंजीव सुंदरा हीस,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टाला चढ आहे, कागदाला दम लागत असेल.

सुंदरा, घात झाला.

काल मेहबूबनं भाता लावला. तुझी वाट बघून मी कंटाळले होते, म्हटलं निदान भांडी तरी चकचकीत करावी. सगळ्या वाडीनं भांडी आणून टाकली. हंडे, घागरी, पराती, तांबे, नुसता ढीग. संध्याकाळी ओळखेनात कुणाची कुठली, कारण कल्हई केली की सगळी एकासारखी एक नवरी. मेहबूबचे हात काळे, तो म्हणाला, "सरूबाई, तू दुसरी पास ना? नावं वाच आणि घरवार लाव."

सरूनं एक घागर उचलली. बघत राहिली. मी म्हटलं, वाच की. तर तिनं मान डोलवायला सुरुवात केली आणि पुस्तकातला पहिला धडा म्हणायला लागली. अगं, घागरीवर बघून! गाय, वासरू, हिरवा चारा, सगळं आलं त्या घागरीत. कुंडलिक हसला. मेहबूब हसला. मीही हसले, म्हटलं पोरगी थट्टा करतेय.

मग तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

माझ्या हातातलं सूप तिथंच पडलं. घरातून पुस्तक आणलं आणि मेहबूबला म्हटलं, तू मधलंच कुठलं तरी पान काढ, चित्रावर हात ठेव आणि तिला एक ओळ वाचायला लाव. त्यानं तसं केलं. सरूला एक शब्द आला नाही. सबंध पुस्तक तिला पाठ आहे सुंदरा, पहिल्या धड्यापासून शेवटच्या कवितेपर्यंत. चित्र बघून पान ओळखते आणि सुरू करते. शाळेत चाळीस पोरं एका खोलीत एका आवाजात ओरडतात. त्या आवाजात कोण वाचतं आणि कोण नुसतं गातं ते मास्तरला कसं कळणार? परीक्षेतही तेच पुस्तक होतं.

आणि मी? तेरा दिवस समोर बसून ऐकलं. शाबासकी म्हणून शेंगदाणे दिले. जिला अक्षर येत नाही तिनं परीक्षा घेतली की असं होतं. कोंडाबाई तर पदराला डोळे पुसत होती, इतकं छान वाचते म्हणून.

मी सरूला मारलं नाही. मारायला हात उचलला होता. ती म्हणाली, "आजी, मला वाटलं वाचनं म्हंजे ह्येच." मग हात खाली आला तो जड होऊन आला, आजपर्यंत तसाच आहे. भाकरी थापताना सुद्धा.

यमाजी स्वतःच्या हातानं कागद देणार आहे. तो काही गाय-वासराचा धडा देणार नाही. पस्तीस दिवस राहिलेत. मेहबूब म्हणतो पस्तीस पुष्कळ. तो मला धीर देताना भात्याकडं बघतो, माझ्याकडं नाही.

पुण्याहून एखादं दुसरं पुस्तक धाड. राग माझ्यावर धर, पुस्तकावर धरू नको.

रतनबाई


१४ मे १९५५

चिरंजीव सुंदरा हीस,

पुस्तक आलं नाही. पत्रही नाही. मग मीच उपाय काढला, ऐक आणि हस.

मला अक्षर येत नाही, पण या वाडीतलं कुठलं भांडं कुणाचं, कुणी कुणाच्या लग्नात दिलं आणि देताना तोंड कसं केलं होतं, हे सगळं मला पाठ आहे. चाळीस वर्षं दुसरं केलं काय? तर मी विचार केला, भांड्यावर जे नाव आहे ते मला ठाऊक आणि सरूला ठाऊक नाही. तिनं वाचलं आणि माझ्या मनातलं जुळलं, की वाचता आलं. मला आता कुणी फसवू शकत नाही.

आधी चार दिवस मेहबूबनं मुळाक्षरं पुन्हा घोटून घेतली. त्याचा भाता बाजूला, राखेत बोटानं अक्षर, तिनं वाचायचं की पुसायचं. तो पुढच्या गावाला गेला, तेव्हापासून आम्ही तिघं घरोघर हिंडतो. भांड्यावरची नावं ठिपक्यांनी ठोकलेली असतात, काळवंडली की दिसत नाहीत. कुंडलिक त्यात पीठ चोळतो, मग नाव पांढरं उमटतं. सरू समोर उकिडवी बसते, मान ताठ, जिभेचं टोक पडलेल्या दातांच्या फटीतून बाहेर. आता मला खूण सापडलीय. खरं वाचते तेव्हा तिची मान हलत नाही. मान डोलली की समजावं, गातेय.

बायका म्हणतात, रतनबाईला म्हातारपणी भांडी तपासायचा नाद लागला. एक म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडं मोजून बारा हाईत, चोरायची असली तर आत्ताच सांगा, म्हंजे झाकून ठिवते." मी म्हटलं, "तुझी बारा भांडी चोरून मी घासू कधी?"

पहिल्या दिवशी एक नाव. दुसऱ्या दिवशी दोन. सहाव्या दिवशी कोंडाबाईच्या घरी गेलो. तिची मोठी परात, तिच्या आजेसासूची म्हणून सगळ्यांना ठाऊक. मी मनात ते नाव धरून बसले. सरू पाहत राहिली, पाहत राहिली, आणि म्हणाली, "सा... व... ळा... राम."

मी म्हटलं, चुकलीस. नीट बघ. तिनं पुन्हा पाहिलं. "आजी, सावळारामच हाय."  सहा दिवस वाया गेले म्हटलं. पण तिची मान हलत नव्हती, म्हणून मी सावळारामला बोलावून आणलं. पंचातला म्हातारा सावळाराम गं, तोच. त्यानं परातीच्या बुडाला हात फिरवला, एक पोचा चाचपला आणि ओरडला, "ही माज्या लेकीच्या लग्नातली! नऊ वर्सं शोधतोय मी!" कोंडाबाईचं तोंड असं झालं की त्यावर नाव घालावं. "मला काय म्हाईत? मी काय वाचून घेतली व्हती का?" म्हणाली. खरंच आहे. मांडवातून अदलाबदल झाली असेल, दोन्हीकडं अडाणी.

त्यांची भांडणं चालली होती आणि मी मात्र सरूला पोटाशी धरून उभी होते. माझ्या मनात एक नाव होतं आणि तिनं दुसरं वाचलं, सुंदरा. सगळ्या वाडीच्या विरुद्ध वाचलं. म्हणजे ती खरं वाचते.

पण परवा मेहबूब परत आला तो म्हणतो, नावं वाचणं म्हणजे वाचणं नव्हे मावशी, यमाजी ओळी देईल. म्हणून आता वाण्याकडून चहा-साखरेच्या पुड्यांचे कागद आणते. गावात कुणाच्या घरात काही बांधून आलं की आम्ही तिघं दारात हजर. काल एका कागदावर अर्धीच बातमी होती, कुठंतरी पूल खचला. सरूनं तीन ठेचा खात वाचली, आणि पुढं काय झालं म्हणून रडायला लागली. माणसं वाचली का म्हणते. मला काय ठाऊक, बाकीचा कागद साखरेबरोबर दुसऱ्याच्या घरी गेला.

आता एक सांगते, मेहबूबलाही आजवर सांगितलं नव्हतं.

घरात एक तांब्या आहे. त्याचं नाव मी सरूला वाचू देत नाही. ती दोनदा हात घालायला गेली, मी ओढून कणगीमागं ठेवला. तुला तांब्या आठवत असेल. तू सरूएवढी होतीस. दुसरीत होतीस. अशीच सुट्टी लागली आणि मी तुला मेंढरांमागं धाडलं, कारण तेव्हा आपल्याकडं साठ मेंढरं होती आणि माणूस नव्हतं. तू पाटी बरोबर घेऊन जायला बघत होतीस. मी म्हटलं, पाटीवर काय मेंढरं चरणार हायत? पाटी ठेवून घेतली. जूनमध्ये शाळेत गेलीस तर तुला काही येईना. मास्तरनं हातावर छड्या मारल्या. तू रडत आलीस. मी काय म्हणाले? मी म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. आणि पुन्हा पाठवलं नाही.

त्याच वर्षी कधीतरी तू खिळ्यानं त्या तांब्यावर काहीतरी कोरलंस. मी तांब्या खराब केला म्हणून तुला बदडलं. काय कोरलंस ते विचारलंही नाही. चांगल्या तांब्यावर चरे, एवढंच मला दिसलं.

आता त्या चऱ्यांची मला भीती वाटते. यमाजीची वाटते त्याहून जास्त. सरूला आता वाचता येतं ना.

तेवीस दिवस राहिलेत.

रतनबाई

(हे लिहून घेताना मावशी पाठ करून बसल्या होत्या. – मेहबूब)


२३ मे १९५५
(कार्ड)

सुंदरा,

कुंडलिकाला दोन दिवस ताप होता, उतरला. पण तापात त्याची 'ख' आणि 'ध' ही दोन अक्षरं गेली. परत आणतोय. सरूनं काल आठ ओळी वाचल्या, त्यात चारदा अडली. जोडाक्षर आलं की दगड आल्यासारखी थांबते. चौदा दिवस. मी जेवते. रोज जेवते असं लिही म्हणून मेहबूबला सांगितलंय. पत्र घाल. रागाचं घातलंस तरी चालेल, सरूला वाचायला होईल.

रतनबाई


६ जून १९५५

चिरंजीव सुंदरा हीस,

आज परीक्षा झाली. मेहबूब मुद्दाम जुन्नरहून चालत आला. पंचांनीच सांगितलं होतं, वाचलेलं खरं की खोटं हे सांगायला कुणी तरी पाहिजे. 

सकाळी पोरांच्या केसांना तेल लावताना सरू म्हणाली, "आजी, तुजा हात गार लागतोय." मी म्हटलं, तेल गार आहे.

बिरोबापुढं पंच बसले. सावळाराम म्हणाला, "मी आदीच सांगतो, ह्या पोरीनं माजी परात काढून दिली, तवा मी तिच्याकडून बोलनार. म्हनून मी गप बसतो, बाकीच्यांनी बघा." तेवढाच एक जण हसला, तोही तोच.

आधी कुंडलिक. यमाजीनं त्याला उचलून देवळाच्या घंटेपाशी धरलं, म्हणाला यावरचं वाच. यमाजीला काय ठाऊक, ठोकलेली अक्षरं म्हणजे आमच्या घरचा खेळ! कुंडलिकानं सवयीनं आधी थुंकी लावून घंटा पुसली, त्यावर पुजारी ओरडला, आणि मग देणाऱ्याचं नाव, गाव सगळं वाचलं. एक अक्षर 'ध' होतं. ते आलं.

मग यमाजीनं अंगातल्या कोपरीच्या खिशातून एक पाकीट काढलं. घामानं मऊ पडलेलं, पुष्कळ दिवस जवळ बाळगलेलं. त्यातला कागद सरूला दिला.

सरूची मान ताठ. जिभेचं टोक बाहेर. "थोरल्या... भाऊजींस... सुंदराचा... नमस्कार."

 तुझं पत्र! दीड महिना मी ज्याची वाट बघत होते ते त्याच्या कोपरीत होतं.

सरूनं पुढची ओळ पाहिली. ओठ हलले, आवाज आला नाही. आणखी खाली पाहिलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि तिची मान डोलायला लागली.

ती भराभर सांगायला लागली. "मी सुखी आहे. पोरांना आजी फार चांगलं सांभाळते. आजीला माझा नमस्कार सांगा. आजी रोज वाचायला बसवते..." सगळं गोड, एकदाही न अडता. बाकीचे खूश झाले. एक जण म्हणाला, "वाचती की वो!"

यमाजी उठून उभा राहिला. "ह्यातलं एक अक्षरबी त्या कागदात न्हाई. म्या मंचरला दोगांकडून वाचून घेतलंय. मावशीनं पोपट पढवलाय पंच, दुसरं काय न्हाई." त्यानं मेहबूबकडं बोट केलं. "इचारा ह्याला."

मेहबूबनं कागदावर नजर टाकली आणि खाली बघत राहिला. पंचांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "पहिली ओळ बरोबर. पुढचं नाही."

(मला खोटं बोलता आलं असतं. मी नाही बोललो. – मेहबूब)

पंच एकमेकांशी बोलायला लागले. यमाजीनं कुंडलिकाचा हात धरला. मला सगळं कळत होतं. सरूला वाचता येत नव्हतं म्हणून ती गात नव्हती. तिला वाचता आलं होतं, म्हणून गात होती. त्या कागदात माझ्याबद्दल काहीतरी होतं आणि ती पोरगी ते माझ्या अंगावर येऊ देत नव्हती. तिनं पुन्हा मान डोलवली ती माझ्यासाठी. माझ्यासाठी ती मेंढरांमागं जायला निघाली होती.

काय असेल ते मला ठाऊक होतं. तुझं माझ्याबद्दल दुसरं काय असणार?

मी पुढं गेले. म्हटलं, "सरू, जे लिवलंय त्येच वाच."

ती म्हणाली, "आजी, नको."

"वाच. माज्या कानाला काय व्हत न्हाई."

"आजी, आईनं लई वंगाळ लिवलंय."

तेवढ्यावरच, पोरीनं वाचलंय हे कळून, सावळाराम गुडघ्यावर हात ठेवून उठला होता, पण यमाजी म्हणाला, "असं कुणीबी म्हनंल. वाचू द्या." बरोबर बोलला.

मी खाली बसले, तिच्यासमोर, भांड्यांपुढं बसायचो तशी. म्हटलं, "पोरी, पीठ चोळून अक्षर पांढरं झालंय, आता झाकून काय उपयोग? मान हलवू नगं. वाच."

आणि तिनं वाचलं. तुझेच शब्द तुला परत धाडते, सरूनं वाचले तसे, थांबत थांबत:

"आईकडे पोरं ठेवून मी चूक केली असं मला रोज वाटतं. तिनं माझं आलेलं अक्षर एका सुट्टीत पुसून टाकलं. माझ्या पोरांचंही पुसेल. तिला त्याचं दुःख नाही. मृगाच्या आधी तुम्ही जाऊन पोरांना वाचायला लावा. वाचत नसली तर घेऊन जा. मेंढरांमागं निदान काही शिकतील. तिच्या दारात बसून ती माझ्यासारखी होतील. मी सांगितलं असं तिला सांगू नका."

'दुःख' ह्या शब्दाला ती अडली होती. दोनदा मागं गेली, मग आला.

सगळी वाडी तिथं होती. कोंडाबाई होती. सगळ्यांच्या देखत माझ्या नातीनं माझ्या लेकीच्या तोंडून मला हे ऐकवलं, आणि सुंदरा, मी ते ऐकताना एकच गोष्ट बघत होते. तिची मान. तिळभर हलली नाही.

पंचांनी मेहबूबला विचारलं. तो म्हणाला, "अक्षर न् अक्षर." मग तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

 शेवटी सावळारामच म्हणाला, "मी बोलनार न्हवतो, पन यमाजी, ह्या कागदात लिवलंय की आजी पुसून टाकंल. पुसलेलं पोरगं ह्योच कागद वाचून दावतं व्हय रं?"

यमाजीनं कुंडलिकाचा हात सोडला. माणूस वाईट नाही तो. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "भावजयीनं लिवलं तसं म्या केलं, मावशी. आता तिनंच लिवलेल्यापरमानं पोरं तुमच्यापाशी." कागद माझ्या हातात दिला आणि मेंढरांकडं गेला. म्हणजे ती अट त्याची नव्हतीच. मला तेव्हाच कळायला हवं होतं, तो हसला नव्हता.

मी घाबरले होते, सुंदरा. आता लिहिलंस तरी चालेल, मेहबूब. पहिल्या दिवसापासून घाबरले होते. पोरं जातील म्हणून, आणि तू म्हणतेस ते खरं ठरेल म्हणून. तू लिहिलंस त्यातलं एकच खोटं आहे. दुःख नाही म्हणालीस ते. बाकी सगळं जुळलं.

रतनबाई


१२ जून १९५५

आई,

मी सरू लिहिते आहे. मेहबूबचाचा जुन्नरला गेला. आजी सांगते आणि मी लिहिते.

शाळा सुरू झाली. मास्तरांनी नवं पुस्तक दिलं. आजीनं घरी आल्यावर त्यातली चित्रं हातानं झाकली आणि म्हणाली आता वाच.

आजी म्हणते, मी काय सांगते आणि ही काय लिहिते ते मला कळत नाही. पण लिहिताना हिची मान हलत नाही, म्हणून खरंच लिहीत असावी.

आजी म्हणते, तुझं पत्र मी कणगीत ठेवलंय. फाडलं नाही. सरू ते रोज वाचायला मागते, मी देते. चांगला सराव होतो.

काल आजीनं कणगीमागचा तांब्या काढला. स्वतः चिंचेनं घासला. मग माझ्यापुढं ठेवून म्हणाली, वाच. कुंडलिकनं पीठ चोळलं. मी वाचलं. आजी म्हणाली, काय आहे? मी म्हटलं, 'सुंद' लिहिलंय. पुढं काही नाही.

आजी म्हणाली, एवढंच?

मी म्हटलं, हो. 'रा' राहिलाय.

आजीनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, मी खिळ्यानं घालू का, मला येतो. आजी म्हणाली, हात लावायचा नाही. ज्याचा आहे तो घालील.

आता आजी सांगते ते लिहिते.

सुंदरा, तांब्या दारात उपडा घालून ठेवलाय. मला अजून भीती वाटते, तू येणार नाहीस म्हणून. तो खिळा काही मी जपून ठेवला नाही, येताना तूच घेऊन ये.

आजीनं इथं अंगठा करायचा म्हटलं. मी म्हटलं नको, मी तिचं नाव लिहिते. तिनं ते पुष्कळ वेळ बघितलं. म्हणाली, एवढं लांब आहे का माझं नाव.

रतनबाई